नंदीबैलाचं काय जातंय!

तर मंडळी, आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफी मशीनशेजारी एक व्हाइटबोर्ड आहे. मुळात तो ‘आपापले कप धुऊन ठेवा’ एवढंच लिहायला लावला होता. पण दर जानेवारीत त्याच्यावर भलताच मजकूर येतो. कोणाचं लग्न होणार, कोणाचं मोडणार, कोणता हीरो आपटणार, कोणता बॅट्समन रिटायर होणार... डावीकडे भाकीत, उजवीकडे सांगणाऱ्याचं नाव. डिसेंबरअखेर ज्याची सगळ्यात जास्त भाकितं चुकली, त्याने अख्ख्या फ्लोअरला मिसळ खाऊ घालायची.

गेल्या पाच वर्षांत चार वेळा मिसळ मी दिली आहे. मिसळवाला आता मला लांबून बघितलं तरी पावाच्या लाद्या मोजायला घेतो!

आमची ही कीर्ती काही आजची नाही. २३ डिसेंबर २००४. चितगावला बांगलादेशविरुद्ध लांब केसांचा एक नवा विकेटकीपर पहिल्याच वन-डेत शून्यावर रनआउट झाला. मी तेव्हा शाळेत. टीव्हीसमोर मांडी घालून जाहीर केलं, ‘‘हा धोनी चार मॅचमध्ये घरी!’’ आमचा शब्द म्हणजे शब्द. पाचव्या मॅचला, एप्रिल २००५मध्ये, त्याने विशाखापट्टणमला पाकिस्तानला १४८ मारले.

२००७ला सचिन, द्रविड, गांगुलीशिवाय पोरंसोरं ट्वेंटी-२० वर्ल्ड कप खेळायला निघाली. मी एक वडापाव लावला, पहिल्या राउंडमध्ये परत येतात. २४ सप्टेंबरला जोहान्सबर्गला शेवटच्या ओव्हरमध्ये जोगिंदर शर्माच्या हातात बॉल, मिसबाहचा तो आचरट फटका, श्रीशांतचा कॅच... आणि आमचा वडापाव गेला. २०१६ला ‘सैराट’चं पोस्टर बघून म्हणालो, ‘‘नवीन पोरं, कोणी ओळखत नाही, पंधरा दिवस चालेल.’’ तोवरच्या सगळ्या मराठी सिनेमांच्या कमाईचे आकडे त्या नवीन पोरांनी मागे टाकले. कोहली टेस्टमध्ये दहा हजार करणार म्हणजे करणारच, हे तर बोर्डावर परमनंट मार्करने लिहिलं होतं. मे २०२५मध्ये तो ९,२३० वर थांबला. पुसायला स्पिरिट आणावं लागलं.

थोडक्यात, मी ज्याला बुडवतो तो तरतो. ऑफिसात मला ‘आचार्य’ म्हणतात ते उगाच नाही.

तर या आचार्यांची यंदा पंचाईत झाली. ती सांगायलाच आज बसलोय.

माझं गाव मुरबाड तालुक्यात. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला लागलात की आमचा भाग सुरू. तुमच्यापैकी निम्मे लोक पावसाळ्यात आमच्यावरूनच धबधबे बघायला जातात आणि येताना फाट्यावर भजी खातात. पण तुम्ही पौषात येत नाही, आणि खरी मजा तेव्हा असते. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. खांबलिंगेश्वराचं देऊळ, बैलांचा बाजार, घोंगड्या, पाळणे, जिलेब्या, धूळ. या वर्षी पौर्णिमा ३ जानेवारीला आणि वार शनिवार! मग काय, टीममधला पुणेकर आणि आमच्या मॅडम दोघांनाही गाडीत घातलं आणि निघालो. तिकडे शहापूरहून माझा चुलतभाऊ येणार होता. आम्ही त्याला दादा म्हणतो. लग्नानंतर तो आसनगावला राहायला गेला. स्टेशन ते शहापूर अशी सीट भरून ईको चालवतो. बरोबर त्याची पोरगी होती, आठवीतली.

बैलांच्या बाजारात मॅडम हरखूनच गेल्या. एक शेतकरी बैलाचा जबडा उघडून दात बघत होता. दोन दाती, चार दाती, जुळलेला... दातावरून वय. मग खूर, मग वशिंड, मग थोडं चालवून बघायचं. सगळं झाल्यावर रुमालाखाली बोटं धरून भाव. पुणेकर म्हणाला, ‘‘हा तर आयपीएलचा ऑक्शन!’’ म्हटलं, फरक आहे बाबा. तिथे मालक बोर्ड उचलतो आणि सगळ्या जगाला आकडा कळतो. इथे आकडा फक्त दोन बोटांना माहीत. आणि इथे सेलिब्रिटीही कमी नाहीत. २०१४ला सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यत बंद केली होती. डिसेंबर २०२१ला अटी घालून परवानगी मिळाल्यापासून पळणाऱ्या बैलाचा रुबाब विचारू नका. त्याच्याबरोबर सेल्फी घ्यायला रांग लागते. रांगेत मॅडमही होत्या.

तेवढ्यात कानावर आलं, गुबूगुबू... गुबूगुबू...

नंदीबैल! पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात कवड्यांची माळ. आणि मालकाच्या गळ्यात क्यूआर कोड. हसू नका. २०१६ साली राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलेलं धसई आमच्याच तालुक्यातलं. दहा रुपये स्कॅन करा आणि प्रश्न विचारा.

पुणेकराने सुरुवात केली. ‘‘कोहली २०२७चा वर्ल्ड कप खेळणार का?’’ गुबूगुबू. बैलाने मान डोलावली.

‘‘आणि रोहित?’’ डोलावली.

‘‘मुंबई इंडियन्सला सहावी ट्रॉफी?’’ डोलावली. पुणेकर गहिवरला.

मॅडमनी एका हिरॉइनच्या लग्नाचं विचारलं. होणार. मग तिच्या आधीच्या बॉयफ्रेंडच्या लग्नाचं विचारलं. तेही होणार. (एकमेकांशी का, हे विचारायला आणखी दहा रुपये लागले असते.)

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, ‘‘मुरबाडला रेल्वे येणार का?’’ बैलाने अशी जोरात मान हलवली की घुंगरं खळाखळा वाजली. आमच्याकडे हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विचारला जातो आणि प्रत्येक वेळी मंचावरची सगळी मंडळी अशीच मान हलवतात. स्टॅण्डवर अजून एसटीच उभी आहे. शेजारचे एक आजोबा पटकन बोलले, ‘‘नंदीबैलाचं काय जातंय हो म्हणायला!’’

सगळे हसले. मीही हसलो. पण आजोबांचं ते वाक्य नंतर दिवसभर माझ्या मागे मागे फिरत राहिलं.

दादाच्या पोरीला म्हटलं, ‘‘तू विचार की काहीतरी.’’ ती म्हणाली, ‘‘नको. काका, तो सगळ्यालाच हो बोलतो. आणि नीट बघ ना, तो माणूस ढोलकं तसं वाजवतो तेव्हाच तो मान हलवतो.’’

आठवीतली पोरगी! आम्ही तीन ग्रॅज्युएट तोवर साठ रुपये घालवून बसलो होतो.

चहाच्या टपरीवर पुणेकर सायंटिफिक मूडमध्ये आला. म्हणाला, ‘‘नारळीकर सरांनी याचं ऑडिट केलं होतं, माहितीय का?’’ आणि त्याने सांगितलं ते अगदी खरं आहे. मी नंतर तपासलं. २००८मध्ये डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून एक प्रयोग केला. दोनशे मुलांच्या पत्रिका. त्यातली शंभर मुलं अभ्यासात खूप हुशार, शंभर विशेष मुलांच्या शाळांतली. नावं झाकलेली. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि विचारलं, यातलं कोणतं मूल कोणत्या गटातलं ते सांगा. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात वरचा नंबर चाळीसपैकी चोवीसवाला. सगळ्यांची सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ बरोबर आली.

‘‘म्हणजे नाणं उडवलं असतं तरी...’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘नाण्याने पन्नास टक्के आणले असते,’’ पुणेकर बोलला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘आचार्य, तुमचा स्कोअर किती हो?’’

मी चहात बिस्कीट बुडवलं. तेही तुटून आत पडलं.

पण मंडळी, आपल्याला भविष्याची चटक आहे हे मान्य करायला हवं. २०१० आठवतंय? जर्मनीत ओबरहाउझेनच्या मत्स्यालयात पॉल नावाचा ऑक्टोपस होता. फुटबॉल वर्ल्ड कपच्या आठच्या आठ मॅच त्याने बरोबर सांगितल्या. सिंगापूरच्या मणी पोपटाने फायनलला नेदरलँड्सची चिठ्ठी उचलली आणि स्पेन जिंकल्यावर बिचाऱ्याला कोणी विचारेना. आपल्याकडे बुलडाण्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी करतात. धान्यं, करंजी, पापड मांडायचे, मध्ये विड्याचं पान. रात्रीत ते पान हललं की नाही, यावरून सकाळी सांगायचं की राजाची गादी राहणार की जाणार. अख्ख्या देशाच्या कारभाऱ्याचं भविष्य एका पानावर! लाखो रुपये घेणाऱ्या एक्झिट पोलवाल्यांनी हे बघून जरा धडा घ्यावा. निदान त्यांनी पान तरी खावं.

ही मजा चालते कारण आपण ज्याचं भविष्य सांगतो, त्याच्या कानावर ते जात नाही. धोनीला काय फरक पडला माझ्या चार मॅचने? कानावर गेलं तर गोष्ट वेगळी.

रविवारी आम्ही सरळगाव, किन्हवली करत शहापूरला आलो. दादाच्या घरी काका-काकूही आलेले. गच्चीवरून समोर माहुलीचे सुळके दिसतात. जेवण झाल्यावर काकांनी त्यांचा आवडता विषय काढला. काका त्या काळात परळला नोकरीला होते आणि सुटीला आझाद मैदानावर पडीक असायचे. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शिल्डची सेमीफायनल, शारदाश्रमच्या दोन पोरांची ६६४ रनांची नाबाद पार्टनरशिप. कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६. ‘‘मी तिथे होतो,’’ काका म्हणतात. (ती मॅच प्रत्यक्ष बघितली म्हणणारे सगळे एकदम आले तर आझाद मैदानाला गॅलरी बांधावी लागेल. पण काकांना कोण सांगणार?)

‘‘तेव्हा पैज लावली असती तर कोणावर लावली असती?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘खरं सांगू? विनोदवर,’’ काका म्हणाले. ‘‘रन त्याचे जास्त. आणि खेळायचा काय राव!’’

१९९३ला तर ती पैज काका जिंकत होते. कांबळीने लागोपाठच्या दोन टेस्टमध्ये दोन डबल सेंच्युऱ्या ठोकल्या, वानखेडेला इंग्लंडला २२४ आणि दिल्लीला झिम्बाब्वेला २२७. मग १९९५मध्ये टेस्ट करिअर संपलंसुद्धा. सतरा टेस्ट, सरासरी ५४.२०. ज्यांची सरासरी त्याच्या जवळपासही नाही असे कितीतरी जण शंभर टेस्ट खेळले.

‘‘आणि तिसरा?’’ पोरीने विचारलं.

‘‘कोण तिसरा?’’

‘‘पॅड बांधून बसलेला.’’

बघा, पोरीला माहीत होतं! त्या दिवशी शारदाश्रमचा पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसून राहिला. दोघं आउटच होईनात. त्याचं नाव अमोल मुझुमदार. पुढे १९९३-९४च्या सीझनला मुंबईकडून रणजीच्या पहिल्याच मॅचमध्ये हरियाणाविरुद्ध २६०. तेव्हाचा पदार्पणातला जागतिक विक्रम. सगळ्या पंडितांनी एकमुखाने सांगितलं, हा पुढचा तेंडुलकर. फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन केले त्याने. इंडियाची कॅप एकदाही मिळाली नाही. द्रविड, लक्ष्मण, गांगुलीचा जमाना. जागाच नव्हती. परत पॅड बांधून बसणं आलं.

आणि २ नोव्हेंबर २०२५ची रात्र. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. इंडियाच्या पोरींनी साउथ आफ्रिकेला ५२ रनांनी हरवून पहिला वन-डे वर्ल्ड कप उचलला आणि बाउंड्रीपाशी त्यांचा हेड कोच उभा होता, अमोल मुझुमदार! सांगा, १९८८ला किंवा १९९४ला हे कोणत्या बोर्डावर कोणी लिहिलं असतं? फायनलला ८७ रन आणि दोन विकेट काढणारी शफाली वर्मा मूळ टीममध्येच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून सेमीफायनलच्या आधी तिला बोलावलं. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे ३३९ चेस करताना नाबाद १२७ करणारी आपली जेमिमा, तिला त्याच वर्ल्ड कपमध्ये एका मॅचला बाहेर बसवलं होतं. आठवडाभर आधी बोर्डावर लिहायला दिलं असतं तरी मी नापास झालो असतो.

इथे काकूने माझ्याकडे मोर्चा वळवला. ‘‘ते जाऊ दे. तू शिकलेला आहेस, हिच्या बापाला काहीतरी सांग. पोरगी म्हणते मला कल्याणला कोचिंग लावा. खरा बॉल, हेल्मेट, पॅड, फी... आणि लोकलने एकटी जाणार? हिचं पुढे काय होणार आहे का, तेवढं सांग.’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुणेकराने तोंडावर हात धरून ‘आचार्य’ म्हटलं.

आणि मंडळी, आचार्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

त्याला कारण आहे. ते मी आजवर ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. २००८ची गोष्ट. दादा वीस वर्षांचा आणि मी सतरा. मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुक्यांत टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये दादाचं नाव माइकवरून पुकारलं की माणसं शेतातनं पळत यायची. यॉर्कर असा की स्टंपच्या बुडाला माती उडायची. गावात जो तो बोलायचा, हा इंडिया खेळणार. पण गावातलं कोणी कधी लेदरचा बॉल त्याच्या हातात दिला नाही. त्या वर्षी त्याचा आयटीआयला फिटरसाठी नंबर लागला. ॲडमिशन घ्यायची शेवटची तारीख आणि त्याच आठवड्यात मोठी टुर्नामेंट. त्याने मला विचारलं, ‘‘तू पेपर वाचतोस, काय करू?’’

एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झालं होतं. माझ्या डोक्यात तेच. मी एका सेकंदात सांगितलं, ‘‘अरे, आता जमाना बदलला. आता हे हीरो-हिरॉइन लोक टीम विकत घेतायत. उद्या टेनिस बॉललाही घेतील. तू खेळत राहा, ते शोधत येतील तुला.’’

त्याने ॲडमिशन घेतली नाही.

कोणी शोधत आलं नाही. बक्षिसं मिळाली. बोकड मिळाला, टीव्ही मिळाला, एकदा बाइक मिळाली, ती विकून घराचे पत्रे घातले. मग खांदा गेला, मग लग्न, मग ईको. मी इंजिनीअर झालो आणि एअरकंडिशन पॅन्ट्रीत भाकितं लिहायला लागलो.

यातली खरी चेष्टा तर पुढेच आहे. मार्च २०२४मध्ये ठाण्याला दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये ‘आयएसपीएल’ सुरू झाली. टेनिस बॉल, दहा ओव्हर, स्टेडियमचे लाइट, टीव्हीवर लाइव्ह. मुंबईची टीम अमिताभ बच्चनची, श्रीनगरची अक्षयकुमारची, बंगळुरूची हृतिकची, कोलकात्याची सैफ-करीनाची. मी २००८ला सांगितलं होतं ते शब्दशः खरं झालं! आयुष्यातलं माझं एकमेव अचूक भाकीत. फक्त सोळा वर्षं उशिरा. तेव्हा दादा छत्तीसचा होता आणि आसनगाव स्टेशनबाहेर सीट भरायची वाट बघत मोबाइलवर ती मॅच बघत होता. मला त्याचा फोन आला, ‘‘तू बोललेलास ना, हीरो लोक येतील म्हणून? आले बघ. जरा लेट झाले येवढंच.’’ आणि खदाखदा हसला. त्याच्या हसण्यात काहीच नव्हतं, म्हणूनच मला त्या रात्री झोप आली नाही.

आमच्या कल्याणचंच आणखी एक उदाहरण घ्या. जानेवारी २०१६, भंडारी कप, प्रणव धनावडे नाबाद १००९. तीनशे सत्तावीस बॉलमध्ये. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा पंधरा वर्षांचा पोरगा. आम्ही एका चहात त्याला टीम इंडियात घालून मोकळे झालो. सचिनने बॅट दिली, एमसीएने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली, चॅनेलवाल्यांच्या गाड्या दारात. पुढच्या वर्षी फॉर्म गेला, तेव्हा त्याच्या वडिलांनीच एमसीएला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितली. मला त्या हजार रनांइतकंच ते पत्र मोठं वाटतं. चुकलेल्या भाकितांची मिसळ पॅन्ट्रीत मी देतो. पण तिथे बिल त्या घराने भरलं, आम्ही भाकीत करणाऱ्यांनी नाही.

तर काकू वाट बघत होती. मी पोरीला म्हटलं, ‘‘चल, ग्राउंडवर.’’

सहा बॉल टाकले. टेनिसचेच. पहिला तिने सोडला. दुसरा सरळ माझ्या डोक्यावरून गेला. तिसरा शोधायला पुणेकराला काटेरी कुंपणात जावं लागलं. चौथ्याला ती बोल्ड झाली आणि रडलीबिडली नाही. स्टंप सरळ केला आणि म्हणाली, ‘‘काका, तो परत टाक.’’

परत आल्यावर काकूला म्हटलं, ‘‘काकू, हिचं पुढे काय होणार मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. इंडिया खेळेल की तालुकाही खेळणार नाही, मी सांगू शकत नाही. पण शनिवार-रविवार मी कल्याणला घरीच असतो. वहिनी हिला लेडीज डब्यात बसवून देतील, मी स्टेशनवर घ्यायला येईन, नेटला नेईन, परत गाडीत बसवीन. वर्षभराची फी माझी. आणि शाळा सुटायची नाही. दहावीला परत बसून बोलू.’’

काकू म्हणाली, ‘‘म्हणजे होणार की नाही होणार?’’

‘‘ते माहीत नाही म्हटलं ना!’’

‘‘मग तुला आचार्य कशाला म्हणतात?’’

दादा काही बोलला नाही. ईकोची चावी बोटाभोवती फिरवत राहिला. निघताना खिडकीतून आत वाकून एवढंच म्हणाला, ‘‘हिला लेदर देशील ना रं हातात? लवकर दे.’’

पहिल्या शनिवारी लेदरचा बॉल पायाला लागून पोरीची नडगी सुजली. दुसऱ्या शनिवारी मी वेळेत पोचलो नाही, तर ती प्लॅटफॉर्मवर किट बॅगवर बसून राहिली आणि मला बघून म्हणाली, ‘‘काका, लेट.’’ तेव्हापासून मी गाडीच्या आधी पोचतो. शुक्रवारच्या पार्ट्या बंद. शनिवारी पहाटे उठणारा माणूस शुक्रवारी रात्री कोणाच्या लग्नाचं भविष्य सांगत बसणार?

पॅन्ट्रीतला बोर्ड यंदाही भरलाय. पुणेकराने आल्याआल्या लिहून टाकलं, ‘आचार्यांची पुतणी इंडिया खेळणार.’ पुढे नावही माझंच टाकलं. मी डस्टर घेतलं आणि तेवढी ओळ पुसली. कोहली, रोहित, हीरो, हिरॉइन यांच्यावर काय हवं ते लिहा, मिसळ द्यायला मी समर्थ आहे. तिच्यावर नाही. तिला माझं हस्ताक्षर वाचता येतं.

जाता जाता, म्हशाच्या यात्रेतली एक गोष्ट सांगायची राहिली. सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर मॅडमनी बैलाला विचारलं होतं, ‘‘आमच्या आचार्यांचं लग्न या वर्षी होणार का?’’

बैल ढिम्म. मान नाही, घुंगरू नाही. अख्ख्या दिवसात तो हो म्हणाला नाही असा हा एकच प्रश्न! मी हादरलोच. मालकाकडे बघितलं, तर तो मोबाइलकडे बघत होता.

‘‘साहेब,’’ तो बोलला, ‘‘तुमचं पेमेंट फेल झालंय.’’